'टू' की 'इंग'? चावी आपल्याच घरात आहे

दहावीचे वर्ष सुरू झाले की बहुतेक घरांत अभ्यासाच्या टेबलासमोर एक यादी चिकटते. डाव्या बाजूला वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज, प्रॉमिस. यांच्यापुढे 'टू'. उजव्या बाजूला एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट. यांच्यापुढे 'इंग'. यादी पाठ होते, परीक्षेत दोन-तीन गुण मिळतात, आणि निकालाबरोबर यादीही भिंतीवरून उतरते. काही वर्षांनी तीच मुलगी बी.एड. करून नोकरीचा अर्ज लिहायला बसते आणि लिहिते, 'आय एन्जॉय टू टीच'. गुण मिळाले होते, भाषा मिळाली नव्हती.

या यादीने आणखी एक नुकसान केले आहे. मुलाने शंका विचारली की अम्मी म्हणतात, "मेरे कू अंग्रेजी नै आती, सर को पूछ." महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी शिकलेल्या अनेक आयांनी तेव्हापासून मुलांच्या अभ्यासातून हळूहळू अंग काढून घेतले. आजचा लेख खास त्यांच्यासाठी आहे. कारण 'टू' की 'इंग' हे कोडे सोडवायला जी समज लागते ती इंग्रजीच्या पुस्तकापेक्षा त्यांच्या रोजच्या बोलण्यात जास्त आहे.

आधी प्रश्न समजून घेऊ

वाक्यात एक क्रियापद आले आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे काम सांगायचे असले, तर इंग्रजी त्या दुसऱ्या कामाला दोनपैकी एक रूप देते. 'आय वॉन्ट टू रीड' म्हणजे मला वाचायचे आहे. इथले 'टू रीड' हे इन्फिनिटिव्ह. 'आय एन्जॉय रीडिंग' म्हणजे मला वाचण्यात आनंद वाटतो. इथले 'रीडिंग' हे जिरंड, म्हणजे क्रियापदापासून झालेले नाम. 'वॉन्ट रीडिंग' चालत नाही आणि 'एन्जॉय टू रीड'ही चालत नाही. का, ते पाहू.

'टू' हा मुळात दिशा दाखवणारा शब्द आहे. 'टू स्कूल' म्हणजे शाळेकडे. जुन्या इंग्रजीत हाच 'टू' क्रियापदाच्या आधी लागू लागला, म्हणजे मन एखाद्या कामाकडे निघाले आहे, काम अजून पुढे आहे. 'इंग' हा मात्र मुळात नाम बनवणारा प्रत्यय. ते काम एखाद्या वस्तूसारखे समोर ठेवलेले असते. ती वस्तू सोडता येते, टाळता येते, पुढे ढकलता येते.

आता मराठी ऐका. 'शाळेला गेला', 'खेळायला गेला'. दोन्हीकडे तोच 'ला'. जुन्या पुस्तकांत 'करावयाला', 'करावयास' अशी रूपे सापडतात, त्याचेच बोलताना 'करायला' झाले. दखनीत बघा: 'इस्कूल कू गया', 'खेलने कू गया'. दोन्हीकडे तोच 'कू'. इंग्रजांचा 'टू', मराठीचा 'ला' आणि आपल्या घरातला 'कू' हे एकाच कामाला लावलेले तीन मजूर आहेत. आणि 'भेटणं', 'बोलणं', 'लिहिणं' यांतला 'णं' हा 'इंग'चा भाऊ.

उर्दूत एक, मराठीत दोन

मदरशात किंवा उर्दू शाळेत शिकलेल्यांना 'मसदर' हा शब्द माहीत असतो. पढना, लिखना, आना, जाना ही मसदरे. शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थ उगमाची जागा. अरबी व्याकरणकारांत यावर मोठा वाद झाला होता. बसऱ्याचे विद्वान म्हणत, मसदर हे मूळ आणि क्रियापद त्यातून निघाले. कूफ्याचे विद्वान म्हणत, क्रियापद मूळ आणि मसदर त्यातून निघाले. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी 1914 साली 'कवायदे उर्दू' प्रसिद्ध केले. पुढे अनेक वर्षे ते औरंगाबादेत राहून काम करत होते. म्हणजे मसदराची चर्चा आपल्या मराठवाड्याला नवी नाही.

पण उर्दूच्या मसदराचा एक स्वभाव आहे. 'मैं पढना चाहता हूँ' आणि 'उसने पढना छोड दिया' या दोन्ही वाक्यांत 'पढना' तेच राहते. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'वॉन्ट टू स्टडी' लागते आणि दुसऱ्याला 'गेव्ह अप स्टडीइंग'. म्हणून फक्त उर्दूतून विचार करणारे मूल इथे अडखळते.

मराठी मात्र इंग्रजीसारखीच दोन वाटा करते. 'मला शिकायचंय' आणि 'त्याने शिकणं सोडलं'. एकात 'आयचं', दुसऱ्यात 'णं'. आपल्या धाराशिव जिल्ह्यात निजामी राजवटीत, 1948 पर्यंत, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. गल्लीत, बाजारात आणि शेतात मराठी होती. घरात दखनी होती. ही तिहेरी शिदोरी पुढच्या पिढ्यांकडे आपोआप आली. "पोरांना धड एकही भाषा येत नाही" असे आपणच म्हणतो. खरे म्हणजे एका भाषेत जो फरक दिसत नाही तो दुसरीत दिसतो, एवढी सोय या मुलांकडे आहे. ती कशी वापरायची ते सांगतो.

'णं' लावून बघा

इंग्रजी वाक्य आधी मराठीत बोला. मग दुसऱ्या कामाला 'णं' लावून बघा. जिभेला बरोबर वाटले तर इंग्रजीत बहुधा 'इंग'. खटकले आणि 'आयला' किंवा 'आयचं'च हवे असे वाटले तर बहुधा 'टू'.

'णं' जिथे छान बसते ती वाक्ये ही:

त्याला भेटणं टाळलं. अव्हॉइडेड मीटिंग हिम.
तंबाखू खाणं सोडलं. गेव्ह अप च्युइंग टोबॅको.
पुण्याला जाणं पुढं ढकललं. पोस्टपोन्ड गोइंग टू पुणे.
तिने लिहिणं चालू ठेवलं. शी केप्ट रायटिंग.
त्याचं बोलणं संपलं. ही फिनिश्ड टॉकिंग.

आता ही वाक्ये बघा:

जायचं ठरवलं. डिसाइडेड टू गो. ('जाणं ठरवलं' कोणी म्हणत नाही.)
यायला तयार झाला. ॲग्रीड टू कम. ('येणं तयार झाला' हे मराठीच नव्हे.)
यायला नकार दिला. रिफ्यूज्ड टू कम. (दखनीत: आने कू नको बोल्या.)
मदत करायचं वचन दिलं. प्रॉमिस्ड टू हेल्प.
मला घरी जायचंय. आय वॉन्ट टू गो होम.

दोन्ही गटांकडे एकदा नीट बघितले की कारणही दिसते. टाळणे, सोडणे, ढकलणे, संपणे यांत काम हातातल्या वस्तूसारखे आहे. ठरवणे, तयार होणे, नकार देणे, वचन देणे यांत काम अजून पुढच्या वळणावर उभे आहे.

एक गंमतही आहे. 'लिहायला सुरुवात केली' आणि 'लिहिणं सुरू केलं' ही दोन्ही वाक्ये मराठीत बरोबर. इंग्रजीतही 'स्टार्टेड टू राइट' आणि 'स्टार्टेड रायटिंग' दोन्ही बरोबर, आणि अर्थही जवळजवळ तोच.

जिथे अर्थच बदलतो

काही क्रियापदांपुढे दोन्ही रूपे येतात, पण अर्थ वेगळा होतो. परीक्षेत एखादा गुण जाईल, व्यवहारात मात्र मोठी गडबड होऊ शकते.

घरातल्या दादींना शुगर आहे असे समजा. अब्बा आखातात आहेत आणि कुटुंब तिकडच्या दवाखान्यात गेले आहे. डॉक्टर इंग्रजीत बोलतात. 'रिमेम्बर टू टेक द टॅब्लेट' म्हणजे गोळी घ्यायचं लक्षात ठेवा, गोळी अजून घ्यायची आहे. 'आय रिमेम्बर टेकिंग द टॅब्लेट' म्हणजे गोळी घेतल्याचं मला आठवतंय, गोळी पोटात गेली आहे. मराठीत 'घ्यायचं' आणि 'घेतल्याचं' यांत आपण कधी गोंधळत नाही. इंग्रजीत गोंधळलो तर शुगरची गोळी एक तर राहून जाते, नाही तर दोनदा जाते.

'विसरणे'ही तसेच. 'कुलूप लावायला विसरलो' म्हणजे कुलूप उघडेच आहे: 'आय फरगॉट टू लॉक'. 'ती भेट झाल्याचं मी कधी विसरणार नाही' यात भेट होऊन गेली आहे: 'आय विल नेव्हर फरगेट मीटिंग हिम'. काम पुढे असेल तर 'टू', मागे पडले असेल तर 'इंग'.

'थांबणे' घ्या. सोलापूरहून तुळजापूरला निघालेला ट्रकवाला तामलवाडीत चहा प्यायला थांबला: 'ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी'. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने चहा पिणं थांबवलं: 'ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी'. पहिल्यात चहा पोटात गेला, दुसऱ्यात कायमचा बंद झाला. मराठीत 'थांबला' आणि 'थांबवलं' असे क्रियापदही बदलते. इंग्रजीत सगळा भार 'टू' आणि 'इंग'वरच आहे.

'ट्राय'चे दोन अर्थही मराठीत वेगळे दिसतात. 'खिडकी उघडायचा प्रयत्न केला', पण ती गंजलेली होती, उघडली नाही: 'ट्राइड टू ओपन द विंडो'. 'खिडकी उघडून बघितली', तरी उकाडा गेला नाही: 'ट्राइड ओपनिंग द विंडो'. 'करून बघणे' म्हणायचे असेल तर 'ट्राय'पुढे 'इंग' लावा.

आणि सर्वांत बोलके उदाहरण 'कबूल'चे. हा शब्द मूळचा अरबी, उर्दूतला आणि मराठीतला. 'पैसे घ्यायचं कबूल केलं' आणि 'पैसे घेतल्याचं कबूल केलं'. एका 'घेतल्या'ने माणूस व्यवहाराला तयार झालेला राहत नाही, गुन्हा मान्य केलेला होतो. इंग्रजी इथे क्रियापदच बदलते. पहिले 'ॲग्रीड टू टेक द मनी', दुसरे 'ॲडमिटेड टेकिंग द मनी'. 'ॲडमिट' आणि 'डिनाय' यांच्यापुढे 'इंग' का, हे आता पाठ करावे लागणार नाही. जे घडून गेले असे म्हटले जाते तेच कबूल करायचे असते किंवा नाकारायचे असते. इंग्रजीत लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी हा फरक ओळखता आला पाहिजे.

अर्जात होणाऱ्या चुका

नोकरीच्या आणि प्रवेशाच्या अर्जांत तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली: 'आय ॲम इंटरेस्टेड टू टीचिंग'. मराठीत 'शिकवण्यात रस आहे'. 'णे'चे 'ण्या' होऊन त्याला 'त', 'आधी', 'ऐवजी', 'बद्दल' असे काही चिकटले की इंग्रजीत शब्दयोगी शब्द आणि त्यापुढे 'इंग' येते. शिकवण्यात, 'इन टीचिंग'. जेवण्याआधी, 'बिफोर ईटिंग'. जाण्याऐवजी, 'इन्स्टेड ऑफ गोइंग'. याला मोठा अपवाद एकच, 'ण्यासाठी'. 'शिकण्यासाठी आलो' याचे 'केम टू लर्न' होते, 'फॉर लर्न' नव्हे.

दुसरी: अर्जाच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू'. इथे हवे 'टू हिअरिंग'. मग 'टू' आणि 'इंग' एकत्र कसे आले? इथला 'टू' क्रियापदाचा नाही, दिशेचाच आहे. तो ओळखायची सोपी युक्ती सांगतो. 'टू'पुढे एखादे साधे नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' बरोबर लागते, म्हणून तिथे 'इंग' हवे. 'वॉन्ट टू युअर रिप्लाय' लागत नाही, म्हणून तिथे साधे क्रियापद.

तिसरी: 'यूज्ड टू'. 'मी रोज सोलापूरला जायचो' म्हणजे 'आय यूज्ड टू ट्रॅव्हल'. आता जात नाही. 'मला रोज सोलापूरला जायची सवय आहे' म्हणजे 'आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग'. मुलाखतीत "रोजचा प्रवास जमेल का?" असे विचारले आणि उमेदवाराने पहिले वाक्य म्हटले, तर उत्तर अगदी उलटे जाते.

जिथे युक्ती चालत नाही

कुठलीही चावी सगळ्या कुलपांना लागत नाही. पाच क्रियापदे अशी आहेत की मराठीवर विसंबलो तर ती फसवतात. म्हणून ती पाठच करावीत.

एन्जॉय: 'वाचायला मजा येते' असे आपण म्हणतो, तरी 'एन्जॉय रीडिंग'.
माइंड: 'थांबायला हरकत नाही', तरी 'डोन्ट माइंड वेटिंग'.
सजेस्ट: 'बसने जायला सुचवलं', तरी 'सजेस्टेड गोइंग बाय बस'.
कन्सिडर: 'घर घ्यायचा विचार', तरी 'कन्सिडर बाइंग'.
लर्न: 'पोहणं शिकला' असेही आपण म्हणतो, तरी 'लर्न टू स्विम'.

आणखीही काही आहेत. ती एकदम गोळा करत बसू नका. वाचताना भेटतील तशी वहीत टिपा. आणि शंका आली की शब्दकोश उघडा, पण फक्त अर्थासाठी नव्हे. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक 1920च्या दशकात जपानला शिकवायला गेले. त्यांना जाणवले की परक्या मुलाला शब्दाचा अर्थ कळून भागत नाही, त्या शब्दाच्या शेजारी कोण बसतो हेही कळावे लागते. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केलेला शब्दकोश 1942 साली टोकियोत निघाला. 1948 साली तो ऑक्सफर्डने छापला आणि पुढे ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून जगभर गेला. त्यात क्रियापदाच्या अर्थाजवळच त्याच्यापुढे 'टू' येतो की 'इंग' ते दिलेले असते. अनेक घरांत हा कोश कपाटात आहे आणि मोबाइलवरही मिळतो. मुलांना त्यातली ती छोटी ओळ वाचायची सवय लावा.

घरात कसे करायचे

रोज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटे पुरेत. अम्मीने किंवा दादीने दिवसभरात घडलेले एक वाक्य मराठीत सांगायचे: "आज बाजारला जायचं टाळलं", "शेजारच्यांनी यायचं कबूल केलं". मुलाने आधी 'णं' लावून बघायचे, काम पुढे आहे की मागे ते सांगायचे आणि मग इंग्रजीत म्हणायचे. 'टाळलं'पुढे 'जाणं'ही बसते हे मुलाच्या लक्षात आले की त्या रात्रीचा धडा झाला. ज्या घरात दखनीच जास्त बोलली जाते तिथे वाक्य दखनीत सांगावे, मुलाने ते आधी मराठीत करावे. अम्मींना इंग्रजी यायची गरज नाही. वाक्य कानाला बरोबर लागते की खटकते, एवढे त्यांनी सांगावे. मराठीचा हा निवाडा मुलापेक्षा त्यांचा कान अधिक अचूक देतो, आणि शिकवणीची फी भरूनही तो बाहेर मिळत नाही.

दोन भाषा बोलणाऱ्या घरातले मूल कच्चे असते, ही समजूत मनातून काढून टाका. इंग्रजी ही अशा मुलाची तिसरी किंवा चौथी भाषा असते. आधीच्या भाषा नीट बोलत राहिलो तर त्या इंग्रजीला आधार देतात. मुलाला वाटेत दखनी बोलल्याबद्दल टोकू नका आणि मराठी बोलल्याबद्दल हसू नका.

या महिन्याचा सराव

खालील वाक्ये इंग्रजीत करा. आधी स्वतः करा, मग उत्तरे बघा.

1. आपाने परीक्षेला बसायचं ठरवलं.
2. भाईजानने रात्री उशिरा जागणं सोडलं.
3. दूध घ्यायला विसरू नका.
4. तो फोनवर बोलायला थांबला.
5. चावी तुला दिल्याचं मला आठवतंय.
6. उत्तर लिहिण्याआधी प्रश्न वाच.

उत्तरे: 1. डिसाइडेड टू टेक द एक्झॅम. 2. गेव्ह अप स्टेइंग अप लेट. 3. डोन्ट फरगेट टू बाय मिल्क. 4. ही स्टॉप्ड टू टॉक ऑन द फोन. 5. आय रिमेम्बर गिव्हिंग यू द की. 6. रीड द क्वेश्चन बिफोर रायटिंग द आन्सर.

चौथ्या वाक्यात मुलाने 'स्टॉप्ड टॉकिंग' लिहिले असेल तर लगेच खोडू नका. त्याला दोन्ही वाक्ये मराठीत म्हणायला लावा आणि विचारा, यात फोन चालू आहे की बंद झाला? उत्तर त्याचे त्यालाच सापडेल, आणि असे सापडलेले सहसा विसरत नाही.